दोन गाड्या आणि बाबांचा निळा रंग

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत लाईनमन. म्हणजे गावातली लाईट गेली की आधी मला शिव्या, मग वीज कंपनीला. असल्या माणसानं विजेवर चालणारी गाडी घ्यायचं काढल्यावर चौकातल्या टपरीवर काय तमाशा झाला असेल, ते सांगायला नको. "तूच लाईन बंद करजो अन् तूच गाडी ढकलत नेजो बे!" दोस्त पोट धरून हसले. हसा म्हटलं लेकहो, पेट्रोल पंपावर रांगेत उभे राहाल तेव्हा मी हसीन.

पाहून ठेवलेल्या गाड्या दोन होत्या. एकाच कंपनीच्या, दोन्ही आटोपशीर, जराशा उंच, जीपच्या धाकट्या बहिणी. पहिलीची बॅटरी मोठी, डिक्की मोठी, चार्जिंगही लवकर. दुसरी सगळ्यातच थोडी कमी, फक्त पोट जमिनीपासून जास्त वर, म्हणजे आमच्या रस्त्यांना बरी. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी डोक्याचा भुगा केला आणि पहिली पक्की केली. बायको म्हणाली, "माह्याशी लग्न करतानी एवढं पाह्यलं होतं काय?" मी पुढचा व्हिडिओ लावला.

अडचण एकच होती. पहिली फक्त राखाडी आणि पांढऱ्या रंगात मिळत होती. निळी हवी तर दुसरीच घ्यावी लागणार होती. आणि बाबांना निळीच पाहिजे होती.

बाबा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उभी हयात लाल गाडी चालवली, आता दारात उभी राहील ती निळीच, असा त्यांचा हुकूम. आमचं घर बौद्धांचं. दार निळं, पाण्याची टाकी निळी, आणि जयंतीच्या दिवशी तर बाबा डोक्यापासून पायापर्यंत निळे. मी म्हटलं, "बाबा, रंगानं गाडी चालते काय?"

"अन् तुह्या त्या व्हिडिओनं चालते काय?"

विजेच्या गाडीवर त्यांचा तसाही राग. "आवाज नाही, क्लच नाही, गेअर नाही. मंग डायवरनं पायाचं काय लोनचं घालाचं?" तरी बुलढाण्याला शोरूममध्ये जायचं म्हटल्यावर सगळ्यांआधी कपडे घालून तेच ओट्यावर बसले होते.

शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. टाय बांधलेल्या सेल्समननं राखाडीचं छत सरकवून दाखवलं. आई घाबरली. "अगं माय, छताले भोक! पानी नाही येईन काय?" तो बिचारा समजावत बसला. तोवर बाबांनी आपलं काम सुरू केलं. स्टिअरिंगला हात लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक टायरवर बूट ठोकायचा, ही त्यांची डेपोतली सवय. दोन्ही गाड्यांना फेरी झाली, आठही टायर ठोकून झाले. मग ते राखाडी गाडीच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "हाच तो निळा. काय रंग हाये! घे, हेच घे."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की चला, काम झालं. मला हवी तीच गाडी, आणि भांडण नाही. सेल्समननं माझ्याकडे पाहिलं. आईनं हळूच माझी बाही ओढली आणि मान हलवली, म्हणजे बोलू नको. तिला माहीत होतं.

मला एकेक गोष्ट आठवू लागली. पेपरवाल्यांनी शाई कमी केली म्हणून बाबांनी पेपर बंद केला होता. पिंपळगाव राजा गावाची बस नाकासमोरून गेली तर बोर्ड लिहिणाऱ्याचा उद्धार केला होता. आणि आम्ही सगळे हसलो होतो.

"बाबा," मी म्हटलं, "हे राखाडी हाये. निळी तिकडं उभी हाये."

"मले शिकवतं बे? मले?" ते ओरडले आणि तडक बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी जाऊन शेजारी बसलो.

"सगळ्यावर चहा सांडल्यावानी दिसते," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "निळं तं दिसतच नाही आता. डायवरले दिसत नाही म्हनून सांगू काय गावाले?"

"मोतीबिंदू असंन. दवाखान्यात काऊन नाही गेले?"

"धामणगाव बढे गावचा माह्या कंडक्टर आप्रेशनले गेला होता. त्याचा एक डोळा गेला, तो गेलाच. मी नाही कोनाले डोळ्यात सुरी घालू देत."

मला रडू आलं आणि रागही आला. एसटी घेऊन घाट उतरणारा माणूस, आणि एवढ्याशा सुरीला भितो! मी म्हटलं, "आता गाडी नाही. आधी डोळे. मंग तुम्हाले जे निळी दिसंन, ते घेऊ."

"दोन्ही डोळे?"

"आधी एक. पटलं तं दुसरा."

"अन् त्या मोठ्या बॅटरीचं काय?"

"खड्ड्यात गेली बॅटरी."

ते मान्य झाले. डोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरला "पाय ब्रेकवर ठेवून कराजो" असं बजावून त्यांनी पहिला डोळा करून घेतला. सगळं नीट झालं. पुन्हा शोरूमला गेलो तेव्हा कोणी काही सांगितलं नाही. बाबा सरळ निळीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लयच भडक हाये बे. घे."

गाडी मिळाली त्या दिवशी मी चालवत होतो, बाबा माझ्या शेजारी, आई मागे. चिखलीच्या रस्त्यावर त्यांनी आतला आरसा आपल्याकडे वळवला. ड्रायव्हरची खोड, म्हटलं राहू दे. किती तरी वेळ ते त्यात पाहत राहिले.

मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "तुही माय एवढी म्हातारी कधी झाली बे?"

मागून आई म्हणाली, "तुम्ही सुरीले भेत होते नं, तवाच झाली."