३०४ नंबरची बरणी

वहिनी गेल्या, त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमचा तो डबा... आहे अजून?" मी म्हटलं, "नाही हो, केव्हाच टाकला." त्या "बरं" म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. माझं त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं असं खोटं होतं.

डबा म्हणजे मिठाईचा पत्र्याचा डबा, उरलेल्या औषधांनी भरलेला. अन्न आणि औषध टाकू नये, ही आमच्या घरची शिकवण. नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ताप आला. हरणीतल्या आमच्या सोसायटीत तो पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी डब्यातून चार गोळ्यांचा तुकडा नेला. मांडवीतल्या दुकानदाराने कधीतरी पट्टी कापून दिलेली, नाव आणि तारीख उरलेल्या भागावर त्याच्याकडेच राहिलेली. "तापाचीच आहे, घे," मी छातीठोकपणे सांगितलं. दादाला सल्फाची औषधं चालत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं... मलाही. दुसऱ्या दिवशी अंगभर फोड आले आणि आठवड्याच्या आत तो गेला.

वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईने महिन्याभरात सोसायटीत घरोघरी एकेक बरणी दिली, वर घराचा नंबर घालून. नको असलेली औषधं त्यात टाकायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पिशवी घेऊन गोळा करायला निघत. घरी गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवत, म्हणजे कोणी उचलून खायला नको. ते पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत जाई. रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापत, बाटल्यांवरची नावं खोडत. समोरच्या हंसाबेन चांगली औषधं फुकट जातात म्हणून हळहळत, "वसुधाबेन, आ तो हजी सारी छे, कोईने काम लागशे." वहिनी म्हणत, "कोईने नथी लागती, हंसाबेन." संडासात ओतून मोकळ्या व्हा, असं कोणी सुचवलं की विचारत, "विश्वामित्री नदीतल्या मगरींना प्रेशर झालंय का?"

नऊ वर्षं त्या सगळ्यांच्या दारात गेल्या, माझ्या दारात कधी आल्या नाहीत. पहिल्या रविवारी ३०३ ची बेल वाजे, मग माझं ३०४ सोडून ३०५ ची. मी आत बसून ऐकत असे. ही माझी शिक्षा आहे असं मी धरून चाललो आणि हट्टाने डबा ठेवला. माफी मागायला जीभ रेटली नाही. उलट राग यायचा, तोही त्यांचाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेराव्याला जेवणं झाली आणि नातेवाइकांनी वहिनींची उरलेली औषधं बाहेर काढली. "ही प्रेशरची मला चालेल," "ही गुडघ्याची काकूंना द्या..." सावली गावाहून आलेल्या मामेभावाने माझ्यापुढेही एक पट्टी धरली. "ठेव रे, पछी कधीतरी काम लागेल." मी ती घेतली, मग बाकीच्यांच्या हातातल्याही काढून घेतल्या. सगळ्यांनी हात सैल सोडले. माझ्याकडे बघून सगळ्यांना दादाच आठवला असणार.

त्या गोळ्या चोथ्यात कालवायला मी वहिनींच्या ओट्यापाशी गेलो, तेव्हा त्यांच्या लेकीने, मेधाने, फळीवरून एक बरणी काढून दिली. वर वहिनींच्या अक्षरात ३०४. आत काही नव्हतं, काच मात्र लख्ख.

"आई दर महिन्याला धुवून ठेवायची," मेधा म्हणाली. "मी म्हणायचे, काकाला देऊन ये ना. तर म्हणायची, मागायला येतील ते."

नऊ वर्षांत ती मागायला मी दोन मजले उतरून गेलो नाही.

बरणी आता माझ्याकडे आहे. डबा तिच्यात रिकामा केला, सकाळचा चोथा घातला, झाकण घट्ट लावलं. कचऱ्याची गाडी रोज येते, पण देववत नाही. काल पहिला रविवार होता. दहाच्या सुमारास दार उघडून, बरणी मांडीवर घेऊन बसलो. ३०३ ची बेल वाजली नाही. अकराला उठून दार लावून घेतलं.