लिंबाने पकडलेली चूक

जनामावशी नव्या घराच्या ओटीवर स्वयंपाकघराकडे पाठ करून बसल्या होत्या. मी टूलबॅग खाली ठेवली तरी त्यांनी मान वळवली नाही. त्यांची सून प्रतिभा मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "चार दिस झाले, मॅडम. सकाळच्या येतात, हितं बसतात, नि जेवायच्या टायमाला जुन्या घरी जातात. आत पाय ठेवत नाय."

माझ्या मोबाइलवर आलेली तक्रार अशी होती: 'ग्राहकाचे म्हणणे, उपकरणाने दूध नाकारले.' कॉल सेंटरच्या मुलांना प्रत्येक तक्रारीला एक कोड द्यावा लागतो. गरम होत नाही, काच फुटली, आवाज येतो, असे ठरलेले कोड असतात. या बिचाऱ्याने 'इतर' निवडलं होतं.

सतरा वर्षं मी स्कूटरवरून शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पालथे घालून घरगुती उपकरणं दुरुस्त करते. मिक्सरमध्ये पाल, फ्रिजच्या मागे उंदराचं बाळंतपण, वॉशिंग मशीनच्या पाइपात मंगळसूत्र, सगळं पाहून झालंय. दूध नाकारणारी चूल पहिल्यांदाच आली.

घर धसईच्या जरा बाहेर, शेताला लागून. मावशींचा मुलगा नीलेश मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला आहे. मावशींनी चाळीस वर्षं लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक केला, आणि तो धूर आता छातीत बसला होता. डॉक्टरांनी नीलेशला सरळ सांगितलं होतं, आईला धुरातून बाहेर काढ, नाहीतर पुढच्या वेळी ऑक्सिजन लावावा लागेल. गॅसच्या टाकीला मावशी भलत्याच घाबरतात. म्हणून नीलेशने नवं घर बांधलं आणि ओट्यात विजेची काचेची चूल बसवून घेतली. बसवायला मीच गेले होते, वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी.

ही चूल म्हणजे ओट्यात बसवलेली एक काळीभोर सपाट काच. तिला ग्लास-सिरॅमिक म्हणतात, ती उष्णतेने तडकत नाही. काचेखाली कॉइल असते. चालू केली की काचेतून लाल गोल दिसतो आणि त्यावर ठेवलेलं भांडं तापतं. बटणं नाहीत. काचेच्या पुढच्या कडेला, स्वयंपाक करणारीच्या बाजूला, बोट टेकवायच्या खुणा असतात, त्याला टच पॅनल म्हणतात.

आता वास्तुशांतीच्या दिवशी काय घडलं ते. आपल्याकडे नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. पूर्वेकडे उतू गेलं तर फारच चांगलं. घरच्या म्हशीचं दूध, मोठ्या टोपात, वर प्रसादाला म्हणून दोन मुठी साखर. भावकीतल्या बायका गोळा झालेल्या. दूध वर आलं, उतू गेलं, पण पूर्वेच्या भिंतीकडे जायच्या ऐवजी उलट वळून प्रतिभाच्या अंगावर आलं. टच पॅनलवर पसरलं. चूल तीनदा पिंपिं करून बंद पडली. मागून कोणीतरी म्हणालं, "इजली." मावशींनी तो टोप उचलला, शंभर पावलांवरच्या जुन्या घरी गेल्या आणि लाकडं पेटवली.

नीलेश रात्रपाळी करून नुकताच आला होता. डोळे लाल. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, हे घर मी आईच्या छातीसाठी बांधलंय. ती धुरात बसनार नि मी हितं टाइल्स बघत बसू का?"

मी चूल तपासली. मशीन ठणठणीत होतं. लाल गोल पेटला आणि थोड्या वेळाने आपोआप विझला. ओटीवरून मावशी मान न वळवता म्हणाल्या, "बघ. परत इजली." त्यांना खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसत होतं की काय, कोण जाणे.

"मावशी, तसं नाही," मी म्हटलं. "भाकरी करपायला लागली की तुम्ही लाकूड बाहेर ओढता ना? तसं आत एक सेन्सर आहे. जास्त तापलं की तो थांबवतो, कमी झालं की परत पेटवतो."

"मी लाकूड वढते ते मला दिसतं. हितं कोन वढतं?"

"सेन्सर."

"दिसतो का तो?"

"नाही."

"मंग," मावशी म्हणाल्या, आणि विषय संपला.

प्रतिभाला मी दूध सांडल्यावर चूल का बंद पडली ते समजावलं. टच पॅनलला बोट आणि ओल यांतला फरक कळत नाही. दूध पसरलं म्हणजे त्याच्या लेखी दहा जणांनी एकदम दहा बटणं दाबली. अशा वेळी ते घाबरून सगळंच बंद करतं, आणि ते बरंच आहे. प्रतिभाने मान डोलावली आणि तारेची घासणी घेऊन काचेवरचा करपलेला थर खरवडायला निघाली. मी तिचा हात धरला. काचेवर एकदा ओरखडा गेला की तो जन्माचा, हे मी दिवसातून चारदा सांगते.

कल्याणच्या ऑफिसात आमचे सर्व्हिस मॅनेजर बसतात. त्यांना फोन केला.

"सांडलेलं दूध वॉरंटीत येत नाही," सर म्हणाले. "यूजर हँडलिंग टाक आणि कॉल क्लोज कर."

"सर, बाई घरात यायला तयार नाहीत."

"आपण चूल विकतो. बाईला घरात आणणं आपल्या स्कोपमध्ये नाही."

सरांचं बोलणं नियमाला धरून असतं, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही. पण मला एक गोष्ट खटकत होती. दूध सगळं पुढेच का आलं? टोप गोल, काच सपाट, तर ते चहूबाजूंना जायला हवं होतं. लेव्हल बघायला बुडबुड्याची पट्टी लागते, ती माझ्या दुसऱ्या बॅगेत, सापगावला घरी. देव्हाऱ्याजवळ पूजेच्या ताटात एक लिंबू होतं. चांगलं गोल, पिवळं. मी ते उचलून काचेच्या मागच्या कडेला ठेवलं आणि सोडलं.

लिंबू क्षणभर थांबलं. मग सावकाश पुढे निघालं, करपलेल्या दुधाला वळसा घालून टच पॅनलवरून गेलं आणि जमिनीवर पडलं. मी उचलून परत ठेवलं. परत तेच.

मागे वळून बघते तर मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या. चार दिवसांत पहिल्यांदा. प्रतिभाने तर हात जोडले होते.

"लिंबू सोडलंस ना गो?" मावशींनी विचारलं. "काय दिसलं? कोनी केलंय?"

त्यांच्या खांद्यामागून नीलेश मला डोळ्यांनी खुणावत होता. सांगून टाका, मॅडम. काहीतरी होतं, लिंबाने काढलं, आता गेलं. मावशींनी ते तिथल्या तिथे मान्य केलं असतं. दहा मिनिटांत काम संपलं असतं आणि सरांचा कॉलही क्लोज. खोटं कशाला बोलू, मलाही ते फार सोयीचं वाटलं. कारण लिंबू दुसऱ्यांदा पडलं तेव्हाच मला आठवलं होतं.

नवी चूल बसवली की आम्हाला अकरा मुद्द्यांची एक चेकलिस्ट भरावी लागते. सातवा मुद्दा: ओटा लेव्हलमध्ये आहे का, पट्टी लावून बघणे. त्या दिवशी मला पुढे डोळखांबचा कॉल होता, घाटातला रस्ता, उजेडात पोचायचं होतं. ओटा ग्रॅनाइटचा, नवाकोरा, डोळ्यांना सरळ दिसला. मी टिक मारली. आपल्याकडचे गवंडी ओट्याला बऱ्याचदा पुढे ढाळ देतात, धुतलेलं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

मी त्यांना लिंबाच्या नावाने काही सांगितलं असतं, तर महिन्याभरात चूल कशावरून तरी परत पिंपिं करणार होती. तेव्हा मावशी पुन्हा ओटीवर, नाहीतर धुरात. शिवाय त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मावशी, कोणी काही केलेलं नाही," मी म्हटलं. "ओट्याला ढाळ आहे. बसवताना मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. घराचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. चूक माझी आहे."

मावशींनी ओट्यावर तळहात ठेवला. डोळे मिटून हात मागून पुढे फिरवला. ज्यांनी जन्मभर भाताची खाचरं सारखी केली त्यांना पट्टी लागत नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला ज्या काही शिव्या घातल्या, त्या मी इथे सगळ्या लिहू शकत नाही. खाचरात पाणी सोडायच्या आधी जमीन सारखी करतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि ही एवढी शिकलेली बाई स्कूटरवर बसून येते आणि ओटा बघत नाय. मध्ये खोकल्याची उबळ आली. नीलेश पाणी घेऊन धावला. पाणी पिऊन त्यांनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं.

"चार दिस मी देवाला काय काय बोलले," शेवटी त्या म्हणाल्या. "त्या शिव्या आता तू घे."

मी घेतल्या. माझ्याच होत्या.

मग कामाला लागले. मेन स्विच बंद केला, काच धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल केल्या आणि पुढच्या कडेखाली पॅकिंगच्या पट्ट्या घातल्या. मावशी लिंबू घेऊन शेजारी उभ्या होत्या, इन्स्पेक्टरसारख्या. लिंबू ठेवायच्या, सोडायच्या आणि म्हणायच्या, "आजून." तिसऱ्या पट्टीला लिंबू जागचं हललं नाही. मावशींनी आणखी एक पातळ पट्टी घालायला लावली, म्हणजे लिंबू जायचं झालं तर पूर्वेला जावं. मी घातली. तेवढं कोणत्याही चेकलिस्टमध्ये बसतं.

थंड काचेवरचा थर मी पात्याने काढला. दाढीच्या ब्लेडसारखं पातं, पण दांड्याचं, आणि तिरकं धरायचं. शेवटी मऊ ओलं फडकं. दूध सगळं निघालं. साखर मात्र तशी निघत नाही. साखर तापलेल्या काचेला चिकटून थंड झाली की काचेचा टवका घेऊन निघते. म्हणून साखर किंवा गूळ सांडला तर चूल बंद करून, हाताला जाड मोजा घालून, गरम असतानाच पात्याने बाजूला ओढायचा असतो. चार दिवस झाल्यावर उपयोग नाही. पुढच्या गोलाजवळ वाटाण्याएवढा खड्डा राहिला.

दूध परत तापवायचं ठरलं. कंपनीच्या पुस्तकात दूध उतू घालू नये असं छापलंय. पुस्तक लिहिणाऱ्याने धसईत घर बांधलेलं नाही. मी माझ्या अटी घातल्या: छोटं सपाट बुडाचं पातेलं, मागचा गोल, साखर नंतर, आणि दूध काठाला टेकेल एवढंच, म्हणजे चमचा-दोन चमचेच सांडेल. मावशींनी विचार करून मान्य केल्या.

लाल गोल पेटला. दूध फुगलं, काठावर आलं, पलीकडच्या बाजूने सांडलं आणि भिंतीच्या दिशेने, पूर्वेला, चर्रर्र करत गेलं. प्रतिभाने श्वास सोडला. आणि त्याच क्षणी लाल गोल विझला.

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी एका सेन्सरला मनातल्या मनात शिवी दिली. नीलेशने भिंतीला हात टेकला.

मावशी मात्र काचेकडे बघत राहिल्या. "लाकूड बाहेर वढलं," त्या म्हणाल्या. "थांबा. घालंल परत."

पाच-सात सेकंदांनी गोल पुन्हा लाल झाला. मावशींनी पदर खोचला, प्रतिभाला सरक म्हणाल्या आणि साखरेचा डबा मागितला. मला तेव्हा रडू आलं, पण मी क्लिपा घट्ट करायचं निमित्त करून खाली वाकले.

निघताना एवढंच सांगितलं, की चूल बंद केल्यावरही कडेला इंग्रजी H दिसतो तोवर काच तापलेली असते, हात लावायचा नाही. मावशी म्हणाल्या, राखेत निखारा असतो ते आमाला शिकवू नको.

संध्याकाळी मी कॉल क्लोज करताना 'यूजर हँडलिंग' ऐवजी 'इन्स्टॉलेशन' हा कोड टाकला. सरांचा लगेच फोन आला, इन्स्टॉलेशन कोणी केलं होतं? मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. तो माझ्या फाइलमधला एकुलता एक मेमो आहे आणि त्यावर माझं म्हणणं काही नाही.

नंतर मी स्वतःहून त्या घरी गेले, काच बदलून देते असं सांगायला. आता तिथे लाकडांचा ढीग नव्हता. जुन्या घरात कोंबड्या होत्या. मावशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, आणि मी बसले तेवढ्या वेळात एकदाच खोकल्या. काच बदलायला त्यांनी साफ नकार दिला. प्रतिभा म्हणाली, त्यांना तो खड्डा हवाय. घरात कोणी पाहुणा आला की आधी देव दाखवतात, मग ओट्यापाशी नेऊन त्या खड्ड्यावर बोट ठेवतात.

"ही शापूरच्या मॅडमची चूक," असं सांगतात. "घराची नाय."

बुडबुड्याची पट्टी आता दोन्ही बॅगांत असते. लिंबूही असतं. पट्टी सरांसाठी, लिंबू माझ्यासाठी. टिक मारायच्या आधी मी दोन्ही लावते, कारण पट्टी शिव्या देत नाही, लिंबू बघितलं की मावशींच्या ऐकू येतात.