तळपायाची परीक्षा

आमचे हे म्हणजे राजापेठेतले भगवंतराव सर. गणिताचा क्लास आहे. मूळचे भातकुलीचे, घरी काया मातीची शेती, पण यायले लहानपणापासून एकच नाद, मार्कांचा. पोराले नव्वद पडले तं शाबासकी नाई, उरलेले दहा कुठी गेले ते विचारतीन. लग्नाले इतके वर्स झाले, मी पास आहो का नापास ते मले अजून ठाऊक नाई.

यायले शुगर आहे, जुनी. दवाखान्यात दर खेपेले पायाची तपासणी होते. माणसानं डोये मिटायचे, सिस्टर एक बारीक, कडक धागा तळपायाले टेकवते आन विचारते, "लागलं?" किती जागी समजलं त्यावरून धोका ठरते. पाय बधिर झाला का जखम समजत नाई, चिघळते, आन मंग बोट, पाऊल, काय काय कापा लागते. डॉक्टरीणबाईनं हे मले समोर बसवून सांगितलं होतं. तवापासून माया जीव त्या धाग्यात अटकलेला. आन हे दर खेपेले बाहेर येऊन छाती फुगवून सांगत, "पैकीच्या पैकी." मीही येडी, निवांत होती.

परवा हे क्लासवरून आले, तं फरशीवर रक्ताचे ठसे, दारापासून सोफ्यापर्यंत. मी म्हटलं, "अवो, हे काय करून ठेवलं?"

हे म्हणतात, "कोणाचं हाय हे?"

आता बोला. चप्पल उलटी करून पाह्यली तं खिळा आरपार आलेला. तो खिळा पायात घेऊन गडी दिवसभर फळ्यापुढे उभा होता. मायं डोकंच फिरलं. तसंच आटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईनं जखम धुतली, पट्टी केली, जुने कागद पाह्यले. "यात तर संवेदना उत्तम, धोका कमी, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. मंग त्यायनं स्वतःच धागा हातात घेतला. यायनं डोये मिटले.

"लागलं?"

"हो."

"आता?"

"हो."

"आणि इथं?"

"हो, अगदी स्पष्ट."

मी बाजूलेच उभी होती. बाईचा हात टेबलावर होता. धागा पायाले एकदाही लागला नव्हता.

"सर, मी हातच लावला नाही," बाई म्हणाल्या. यायचं तोंड एवढंसं झालं. कॉपी करणाऱ्या पोराले वर्गाबाहेर काढणारा माणूस! कागदावर 'धोका जास्त' लिहून घेऊन खाली मान घालून बाहेर आला.

"काहून खोटं बोलले?" मी दवाखान्याच्या दारातच विचारलं. "ती काय शाया आहे? तिथं मार्क कमी पडले तं कोणी छड्या मारत नाई, औषध देतात."

आटोत बसल्यावर हे हळूच म्हणाले, "दिवाळीपासून पायाले काहीच समजत नाई. तुले सांगितलं असतं तं तू स्कूटर बंद केली असती, क्लास बंद केला असता."

"केलाच असता," मी म्हटलं. आन मंग एकदम ध्यानात आलं. रोज जेवणं झाले का मी यायचे पाय चेपून देते. रोज विचारते, बरं वाटते का. दिवाळीपासून रोजच हे डोये मिटून म्हणून राहिले, "हो, लय बरं वाटते."

डॉक्टरीणले फसवलं ते फसवलं, पण मले काहून? मी तोंड फिरवून बसली.