ओला चारा

माझं माहेर कवठे महांकाळकडचं आणि सासर वाईच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. तिकडे आभाळाकडे बघून मान मोडायची, इकडे चार महिने सूर्य दिसायचा नाही. "लेक पाण्यात दिली," असं वडील चारचौघांत मिरवायचे. पाण्यात दिली म्हणजे नशीबच काढलं जणू! मला त्या सदा ओलसर अंथरुणांचा संताप यायचा.

बहात्तरच्या दुष्काळात वडील खिल्लारी बैलजोडी घेऊन चालत माझ्याकडे आले. सहा-सात दिवसांची वाट. बैलांची हाडं वर आलेली. "चार म्हैनं हितं ऱ्हाऊंदेत, बाई. आपल्याकडं कायबी उरलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि ओसरीवर आडवे झाले.

सकाळी ते झोपलेलेच होते. घरचे सगळे भातलावणीला गेले. मी बांधावरचं कोवळं, निथळतं गवत कापून आणलं आणि माहेरच्या पाहुण्यांना वाढावं तसं बैलांपुढे ढीगभर घातलं. महिनोन्‌महिने वाळक्या काड्या चघळलेली ती जनावरं तुटून पडली. मी आणखी घातलं. सासूबाई घरी असत्या तर त्यांनी माझा हात धरला असता. उपाशी जनावराला एकदम ओलं घालू नये, हे इकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. माझ्या माहेरी हिरवं जास्त झालं म्हणून कुणाचं वाईट झालेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारी एका बैलाचं पोट टम्म फुगलं. वडिलांनी तेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, कूस चोळत राहिले. जनावरांचा डॉक्टर वाईला, आणि मधल्या ओढ्याला छातीभर पाणी. मेल्या पावसाने तासभर उघडीप दिली नाही. दिवेलागणीला बैल गेला.

"आबा, मीच मारला त्याला," मी रडत म्हणाले.

"तुजा काय दोष, बाई," ते म्हणाले. "गावातली समदी जनावरं सरकारी चारा-छावनीत हायती. उसाचं वाडं चघळून का हुईना, जगत्यात. ह्या दोघांचंबी नाव लावलं हुतं. मीच काढलं. म्हटलं, लेकीच्या दारात लय हिरवं हाय."

त्यांना थांबवायची माझी छातीच झाली नाही. ओढा उतरला तसे ते उरलेला एक बैल घेऊन परत दुष्काळाकडे चालत गेले.