रेल्वेच्या वेळेची बेबाबाई

बेबाबाई पाचोऱ्याची. नवरा तिथे स्टेशनवर पॉइंट्समन होता, म्हणून घरात वेळ रेल्वेची. दुपारचा चहा पंधरा तीसला, दिवाबत्ती एकोणीसला. नवरा गेल्यावर ती रावेरला भावाकडे आली आणि सुगनचंद शेठच्या केळी पिकवायच्या कारखान्यात लागली. वेळ तीच ठेवली.

तिथे कच्च्या केळीचे क्रेट बंद खोलीत लावून गॅस सोडतात. बरोबर चोवीस तासांनी दार उघडून हवा बदलतात. आधी उघडलं तर अर्धा माल हिरवा राहतो. मी त्या खोल्यांत सव्वीस वर्षं क्रेट वाहिले, एका खोलीत सहाशे. किल्ल्या नऊ वर्षं बेबाबाईकडे होत्या. एकही खोली बिघडली नाही. तिला त्याचा मान होता आणि तो कमावलेला होता.

दारावरची चिठ्ठी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून छापून येई. त्यात घड्याळ चोवीस तासांचं. 17:30 वाचून आम्ही बोटं मोजायचो, तिला मोजावी लागत नसत.

मार्चमधल्या एका सोमवारी शेठच्या मुलाने, अनुजने, नवीन सिस्टीम टाकली. तिच्यात घड्याळ आपोआप बारा तासांचं आलं. अनुजने तसंच राहू दिलं. चिठ्ठीवर वेळेची चौकट अरुंद. 05:30 मावलं, पुढचं पीएम कापलं गेलं.

त्या सोमवारी बेबाबाई किल्ल्या वॉचमनकडे ठेवून भाचीच्या हळदीला पाचोऱ्याला गेली होती. संध्याकाळी साडेपाचला अनुजने दोन नंबरच्या खोलीत गॅस सोडला. मंगळवारी पहाटे ती आली. चिठ्ठीवर ‘उघडणे, मंगळवार, 05:30’. तिने साडेपाचला दार उघडलं, पंखे लावले.

नऊला अनुज आला.

“अक्का, बारा तास आधी उघडलं तुम्ही!”

“चिठ्ठीवर शे ना भाऊ, साडेपाच?”

“संध्याकाळचे साडेपाच.”

“ते सतरा तीस. कुठे लिहिलंय?”

“इथे कोण सतरा तीस बोलतं? हे काय स्टेशन आहे?”

“तुमचा कॉम्प्युटर बोलायचा. परवापर्यंत.”

“आपली गाडी बारा तास आधी सुटली,” आमच्यातला हितेंद्र म्हणाला. कोणी हसलं नाही.

शेठ आले. खोली पाहून म्हणाले, “बाई, किल्ल्या अनुजकडे द्या.”

तिने दिल्या. मग ऑफिसात जाऊन अनुजला घड्याळ दाखवायला सांगितलं. त्याने दोनदा माऊस दाबला आणि आकडे चोवीस तासांचे झाले.

“एवढंच होतं? मग आधी का नाही केलं?”

“ते आपोआप तसं येतं, अक्का.”

“इथं केळीसुद्धा आपोआप पिकत नाही, भाऊ.” मग ती म्हणाली, “माझंही चुकलं. चोवीस तास मागे मोजले तर सोमवारची पहाट. तेव्हा इथं कोण गॅस सोडणार होतं? विचारायला पाहिजे होतं.”

ते खरं होतं. वॉचमन दहा पावलांवर होता.

खोलीत पुन्हा गॅस सोडला. तरी बरीच केळी हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची निघाली. ती वेगळी निवडायला आम्ही चौघांनी सहाशे क्रेट उतरवून पुन्हा चढवले. पूर्ण दिवस गेला.

किल्ल्या अकरा दिवस अनुजकडे राहिल्या. तीन वेळा पहाटे आणि एकदा रविवारी जेवण सोडून त्याला दार उघडायला यावं लागलं. बेबाबाई ते दिवस आमच्याबरोबर क्रेट धूत होती. कुरकुर केली नाही. बाराव्या दिवशी सकाळी त्याने किल्ल्या तिच्यापुढे धरल्या. तिने घेतल्या नाहीत.

“जो गॅस सोडेल त्याने दारावर खडूने वेळ लिहायची. स्वतःच्या हाताने. खाली सही.”

“कॉम्प्युटर आता बरोबर आहे, अक्का.”

“असू दे. तुम्ही लिहाल का?”

“लिहीन. सतरा तीस लिहू?”

“संध्याकाळ लिहिलं तरी चालेल.”

मग तिने किल्ल्या घेतल्या. तीन नंबरची खोली उघडायला वीस मिनिटं होती. ती स्टूल घेऊन दारापाशी जाऊन बसली.