बरणीतला खळगा

बाबा खोली सोडायला तयार नव्हते, आणि कारण काय, तर मीठ.

ठाण्यात खाडीच्या अंगाला जे जुनं गावठाण उरलंय, तिथल्या एका बैठ्या घरात मी वाढले. पुढे मालक, मागे भाडेकरूंच्या खोल्या. आता तिथे टॉवर होणार होता. बाकीचे भाडेकरू कधीच पांगले होते. महिनाअखेर वीज तोडणार, असं बिल्डरचा माणूस दोनदा सांगून गेला. मी डोंबिवलीहून बाबांना न्यायला आलेले, टेम्पो दारात उभा, आणि बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून म्हणत होते, "मीठ कुणाच्या हातात देऊ ते सांग. लगेच निघतो."

या घराची रीतच तशी. मालकांची पूर्वी मिठागरं होती. नवा भाडेकरू आला की त्या घरातल्या बाईनं पदर पसरायचा आणि मालकीणबाईंनी त्यात ओंजळभर जाडं मीठ घालायचं. ते मीठ खोलीतल्या चिनीमातीच्या बरणीत जायचं. बरणी खोलीची, माणसांची नव्हे. ती कधी रिकामी होऊ द्यायची नाही आणि सोबत न्यायचीही नाही. जाणाऱ्यानं ती येणाऱ्याच्या हातात द्यायची, मगच उंबरा ओलांडायचा.

आमच्या आधी तिथे एक नर्सबाई राहायच्या, एकट्याच. बाई बुटक्या असाव्यात, कारण मोरीजवळचा आरसा त्यांनी इतका खाली ठोकला होता, की बाबांनी जन्मभर वाकून दाढी केली. वर सरकवा म्हटलं तर म्हणायचे, "बसलाय चांगला, कशाला हलवायचा?" नर्सबाईंच्या आधी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक कोकणातला माणूस होता, बायको आणि तान्ह्या मुलीसह. आढ्याची पाळण्याची कडी त्यांची. त्याच कडीला मीही झुलले, आणि पुढे आईनं तिला कांद्याची टोपली लटकवली. या लोकांना मी कधी पाहिलं नाही. पण कुणाचं काय हे मला माहीत होतं, कारण आई भाजी ढवळताढवळता त्यांच्याबद्दल नात्यातल्यांसारखी बोलायची. बरणीच्या तळाशी अजून त्या तान्हीच्या आईचं मीठ असेल, म्हणायची.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. दुःख म्हणावं तर तेही नाही. लोक भेटायला आले, मी चहा केला. दहाव्याला कावळा लगेच शिवला, सगळे हुश्श म्हणाले, मी पानं उचलायला लागले. घर पडणार हे कळलं तेव्हाही मी आधी टेम्पोवाल्याला फोन केला. नवरा म्हणतो, "तू फार खंबीर आहेस." खंबीर कसली, बधिर झालेय.

म्हणून बाबांशीही मी कोरडेपणानंच बोलत होते.

"बरणी घेऊन चला की मग."

"न्यायची नसते."

"मोरीत ओता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं सुचवलं, "बरं, खाडीत सोडू."

"खाडीला मिठाची टंचाई आहे का?"

एरवी मी हसले असते. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "बाबा, इथे आता कुणी राहायला येणार नाहीये. मग हा हट्ट कशासाठी?" आणि बरणी उचलायला म्हणून झाकण नीट करायला गेले, तर ते हातात आलं.

आत मीठ दमट हवेनं घट्ट बसलं होतं आणि मधोमध एक खळगा होता. आई चमचा वापरायची नाही, तीन बोटांनीच घ्यायची. रोज तिथूनच. तो खळगा तिच्या बोटांचा होता, जसाच्या तसा. बाजूला ओट्यावर दुकानातल्या मिठाची पिशवी होती, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेली. पावसाळ्यापासून बाबा त्या पिशवीतलं मीठ खात होते. बरणीला त्यांनी हात लावला नव्हता.

मी झाकण परत ठेवलं.  

तेवढ्यात मालकीणबाई मागच्या दारी आल्या. त्यांचंही सामान पुढच्या अंगणात बांधून पडलं होतं. टॉवर उभा राहीपर्यंत बिल्डरनं त्यांना घोडबंदरला भाड्याचा फ्लॅट दिला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या या घराबाहेर कुठे राहिल्या नव्हत्या. सुना पुढून हाका मारत होत्या, "आई, गारी आली!" त्या हलल्या नाहीत. एरवी हक्कानं चुलीपर्यंत येणारी बाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सगल्यांना मीच दिला मीठ. आता मी भाऱ्याचे घरान चाललू. मना कोन देल?"

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी ओट्याचा आधार सोडला.

मालकीणबाईंनी पदर पसरला. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे आमच्या खोलीतल्या बायांनी पदर पसरला, त्या बाईंनी. बाबांनी बरणी काखेत धरली, झाकण माझ्याकडे दिलं. मी डाव घेऊन पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. बरणीत पाहत राहिले. मग उजवा हात आत घातला, आईच्या खळग्यात बोटं रोवली आणि दाबली. खडा फुटल्याचा आवाज आला. खळगा मोडला.

पहिली मूठ त्यांनी पदरात घातली. मी रडत होते. झाकण हातात धरून, टेम्पोवाल्यादेखत, गेल्या पावसाळ्यापासून न आलेलं सगळं रडत होते.

बाबांनी दुसरी मूठ घातली, मग तिसरी. पदर खाली ओढला गेला.

"पुरे भाऊ, पुरे जाला," मालकीणबाई म्हणाल्या.

बाबा थांबेनात.