बोल्टने ओढू नको!

बडोद्यातल्या गाडीवेड्यांनो, हात अजून तेलाने काळे आहेत, तरी लिहितोय.

आज सुभानपुऱ्यात, मित्र जिग्नेशच्या पार्किंगमध्ये, माझ्या रेसच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परत चढवत होतो. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बोटभर फट उरली. मी पाना उचलला. "बोल्ट आवळतो, येईल ओढून."

"ऊभो रहे!" जिग्नेश ओरडला. "अंदर पंप तूटी जशे!"

गिअरबॉक्समधला तेलाचा पंप तुटला असता, म्हणून तो पुन्हा उतरवला. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा तो जड गोल डबा, जिग्नेशने तळव्यांनी हळूहळू फिरवला. खट्! डबा बोटभर आत, पंपाच्या खाचेत गेला.

मग गिअरबॉक्स नुसत्या हाताने टेकला. डबा आणि इंजिनामागची पातळ चकती, म्हणजे फ्लेक्सप्लेट, यांच्यात दोन नाण्यांच्या जाडीएवढी फट राहिली. एवढं जड धूड एका बोटाने फिरत होतं! डबा आणि चकती जोडणारे बोल्ट लावल्यावर ते तेवढंच पुढे आलं आणि मागे तेवढीच जागा उरली. वेगात डबा फुगतो, त्याच्यासाठी! हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.

चावी फिरवली. इंजिन गरजलं, पण डबा नीट न बसल्यावर मागून येते ती साधी टिकटिकही नाही. आम्ही दोघं ती न आलेली टिकटिक ऐकत उभे राहिलो.

तुम्ही ऐकलीय कधी?